दाराआडचे प्रश्न

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही. बँकेच्या रांगेत उभी असले तरी या पायावरून त्या पायावर झुलत असते, आणि नवरा शेजारून पुटपुटतो, जरा दम धर. अशा मला दहावीचं अख्खं वर्ष रोज संध्याकाळी आबांसमोर मांडी घालून बसावं लागलं, आणि तेही माझ्या अभ्यासासाठी नव्हे. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मला स्वतःला आठवलं तरी पायात मुंग्या येतात.

आबा म्हणजे माझे वडील. धरणगावजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे हेडमास्तर. धोतर, काळी टोपी, सायकल, आणि घरात आवाज खाली. सगळं गाव खानदेशी बोलायचं, पण आमच्या घरात शुद्ध मराठी बोलायची असा त्यांचा कायदा होता. त्यांना दोन गोष्टींची भयंकर चीड होती. एक म्हणजे पोरांनी न समजता पाठ करणं, आणि दुसरी कॉपी. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला ते चोर म्हणत, आणि चोराला निदान भूक तरी असते असंही वर ऐकवत.

मी नववीत असताना दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, लग्न झालं. वहिनी शिंदखेड्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. तिची दहावी फक्त गणितात राहिली होती. बाकी सगळे विषय निघालेले, एवढं एक गणित आडवं आलेलं. लग्न ठरवायच्या बैठकीत तिच्या वडिलांनी एकच मागणं घातलं, की पोरीला तेवढी दहावी पूर्ण करू द्या. भरल्या बैठकीत आबा हो म्हणाले. मास्तर माणूस, नाही कसं म्हणणार? पण घरी आल्यावर आईने त्या शब्दाला वेसण घातली. एकदा बसू द्या म्हणाली, निघालं गणित तर निघालं, नाही तर पुस्तकं रद्दीत. मग तिने शेत आणि घर बघायचं, कटकट नको. आबांनी मान हलवली आणि तसं ठरलं. वहिनीला ते सांगायचं काम माझ्याकडे आलं.

कारण सून सासऱ्याशी बोलत नसे. आमच्याकडे ते चालतच नव्हतं. आबा ओसरीवर असले की वहिनीने पदर पुढे ओढून भिंतीच्या कडेकडेने जायचं. समोर बसायचं नाही, तोंड वर करायचं नाही, आणि शब्द तर नाहीच नाही. आबांनाही सुनेशी बोलता येत नसे. चहा हवा असला की ते हवेत बघून म्हणायचे, चहाचं काही आहे का. मग आतून कप माझ्या हातात यायचा आणि माझ्या हातातून आबांच्या. मी म्हणजे त्या घरातलं टपालखातं झाले होते. एका छपराखाली राहून त्या दोघांनी एकमेकांना उद्देशून एक अक्षरसुद्धा काढलं नव्हतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग तिला गणित शिकवणार कोण? धरणगावला शिकवणी होती, पण सून रोज गावाबाहेर जाणार म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला. दादा कापसाच्या जिनमध्ये कामाला, त्याचं स्वतःचं गणित सातवीत सुटलेलं. राहिले मी. मी शिकवून बघितलं. वहिनी प्रत्येक पायरीवर थांबायची आणि का, असं विचारायची. मी म्हणायचे, का काय का, पुस्तकात आहे म्हणून. दोन संध्याकाळीत आमचं असं वाजलं की आई लाटणं घेऊन मध्ये आली.

तोडगा आबांनीच काढला. ओसरीवर त्यांनी मला शिकवायचं, पण मोठ्याने, आणि वहिनीने स्वयंपाकघराच्या दाराआड बसून ऐकायचं. दाखवायला विद्यार्थी मी, खरी विद्यार्थिनी ती. आकृती पाटीवर काढून झाली की मी पाटी आत न्यायची, वहिनीने वहीत उतरवून घ्यायची, मी पाटी परत आणायची. रीतही सांभाळली गेली आणि दिलेला शब्दही. आबा त्या युक्तीवर इतके खूश होते की शाळेतल्या गुरुजींनाही त्यांनी ती सांगितली.

माझं मन कुणी विचारलं नाही. मला गणित येत होतं. वाढवून सांगत नाही, खरंच येत होतं. बीजगणित तर मला गोष्टीच्या पुस्तकासारखं सरसर वाचता यायचं. जे मला एकदा वाचून कळत होतं ते मी आबांकडून रोज नव्याने, संथ, शब्द फोडून फोडून ऐकत बसायचे. दिवस कापूसवेचणीचे. आतली खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, त्याचे तंतू उडत ओसरीपर्यंत यायचे, नाकात जायचे, मानेला खाज सुटायची. बाहेर मैत्रिणी हाका मारायच्या. मी मांडी बदलत राहायचे आणि आबा म्हणायचे, नीट बस.

तरी एवढ्यावर निभावलं असतं. खरी गोम पुढे निघाली. वहिनीला ऐकून सगळं कळत नव्हतं. कसं कळणार? आणि तिला विचारता येत नव्हतं. मग ती आतून तांब्यावर पळी वाजवायची. मी पाण्याचं निमित्त करून उठायचे, ती माझ्या कानात प्रश्न सांगायची, आणि मी बाहेर येऊन तो माझाच म्हणून आबांना विचारायचे. आबांना वाटे, ही पोरगी आहे की रांजण, सारखी पाणी पिते.

आणि प्रश्न तरी कसले! क्ष माहीतच नाही, तर तो धरायचा कसा? उणे गुणिले उणे केलं की अधिक होतं, हे कुणी ठरवलं? स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत टेकते म्हणता, पण बिंदूला तर लांबीरुंदी नसते, मग ती टेकली हे बघितलं कुणी? समांतर रेषा कधीच मिळत नाहीत, तर त्यांच्या टोकापर्यंत जाऊन कोण आलंय? मला बाहेर येऊन हे विचारताना लाज वाटायची. आबा आधी समजावायचे, मग पुन्हा समजावायचे, मग त्यांचा आवाज चढायचा. काही प्रश्नांना तर ते उत्तरच देत नसत. पुस्तकात दिलंय तसं कर, म्हणायचे, आणि पुढे जायचे. एकदा समांतर रेषांवरून मला म्हणाले, तुझ्या डोक्यात सरकी भरली आहे का? ओसरीवर शेजारचे नाना बसले होते. ते हसले. मी पाटी आपटून उठले आणि आत जाऊन वहिनीला म्हटलं, आता मी सांगते, हे तुझे प्रश्न आहेत म्हणून सांगते.

वहिनीने माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. आबांना कळलं की मला एवढंही येत नाही, तर ते म्हणतील हिच्याने होणार नाही, कशाला बसवायची, असं तिने कुजबुजत सांगितलं. आई तर टपलेलीच होती. एकच परीक्षा, आणि तीही बसण्याआधीच जायची. कुणाला सांगणार नाहीस अशी मुक्ताईची शपथ घे म्हणाली. मी घेतली. माझा राग गेला नव्हता, पण तिच्या तोंडाकडे बघून मला दुसरं काही सुचलं नाही.

तेव्हापासून मी ठार मठ्ठ म्हणून त्या ओसरीवर बसले. सगळ्यांनी ते धरूनच टाकलं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, सूनबाई बिचारी आत बसून गुपचूप ऐकते, आणि आमची ही शंभर वेळा विचारते. दादाने मला सरकी म्हणायला सुरुवात केली. रात्री अंथरुणावर मी चडफडत पडायचे. शाळेतल्या चाचणीचे गुण आणून दाखवले तर आबा म्हणाले, चाचणी सोपी असेल.

पण एक गोष्ट मी तेव्हाही बघत होते. वहिनीच्या वहीत आधी खाडाखोड असायची, ती कमी होत गेली. तांब्या वाजायचा, पण प्रश्न बदलले. आता ती असं विचारायची की क्षणभर मलाही उत्तर यायचं नाही. मग ती आणि मी चुलीपुढे बसून भांडायचो, पण ते भांडण निराळं होतं. भाकरी करपायची आणि आई दोघींना शिव्या द्यायची. मला त्या चुलीपुढे बसताना कधी मुंग्या आल्या नाहीत.

मार्चमध्ये दादा तिला परीक्षेला माहेरी सोडून आला, कारण तिचं केंद्र तिकडच्याच शाळेत होतं. माझं केंद्र इकडे. गणिताच्या पेपरला माझ्या केंद्रावर जत्रा भरली होती. खिडक्यांच्या गजांना मामा, काका, चुलतभाऊ लोंबकळत होते, गाईडची फाडलेली पानं दगडाला गुंडाळून आत येत होती, आणि पर्यवेक्षक दाराशी उभे राहून बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते. माझ्या पुढच्या बाकावर एक गोळा पडला, पोरीने उलगडला, तर त्यात भूगोल निघाला. मी हसू दाबत पेपर सोडवत होते. सगळा सोडवला. प्रमेय लिहिताना वहिनीचा प्रश्न आठवला आणि मी ते पाठ केल्यासारखं न लिहिता, का होतं ते लिहिलं. बाहेर पडले तेव्हा मला माहीत होतं, आपलं काम झालं. आणि मला जायचं होतं जळगावला, अकरावी सायन्सला. ते मी वर्षभर मनात धरून बसले होते.

निकाल लागला. वहिनी पास झाली. गणितात काठावर नव्हे, चांगली पास झाली. दादाने पेढे आणले, आई तोंड वाकडं करता करता हसली, आणि आबांनी ओसरीवरून हवेत बघत सांगितलं की असंच असेल तर पुढे बारावीलाही बाहेरून बसवू. आत पदराआड वहिनी रडत होती. आणि माझी गुणपत्रिका आली. गणितात मी शाळेत पहिली होते.

आबांनी गुणपत्रिका हातात घेतली. वाचली. उलटी करून मागचा कोरा भाग बघितला. माझ्या केंद्रावर काय चाललं होतं ते तालुक्याला ठाऊक झालं होतं, शाळाशाळांत त्याचीच चर्चा होती. त्यांनी गुणपत्रिका घडी करून माझ्यासमोर ठेवली.

"हे गुण तुझे नाहीत," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. वर्षभर मी तुला रोज बघितलंय म्हणाले. साधी समांतर रेषा तुला समजत नव्हती. एवढे गुण कुठून आले ते मी विचारत नाही, तू सांगू नकोस. पण चोरीच्या गुणांवर मी तुला जळगावला पाठवणार नाही. इथेच आर्ट्सला जा, नाही तर शिवणक्लास लाव. एवढं बोलून ते शाळेत निघून गेले.

मी कॉपी केली नाही, हे मी सांगू शकले असते. सांगितलंही, त्यांच्या पाठीमागे ओरडून. पण ते प्रश्न कुणाचे होते हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नव्हता, आणि ते सांगितलं की वहिनीची बारावी गेली. आई म्हणणारच होती, बघा, पोपटासारखं घोकून पास झाली. शिवाय शपथ होती. सायन्सचे प्रवेश संपत आले होते. मी जेवले नाही. अंगणात येरझाऱ्या घातल्या, विहिरीवर गेले, परत आले, पुन्हा गेले. मला वहिनीचा राग आला होता. तिच्या प्रश्नांचा, तांब्याचा, त्या दाराचा, सगळ्याचाच राग आला होता. ती मला वाढायला आली तर मी ताट सरकवून दिलं.  ती तशीच बसून राहिली, माझ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात सायकलमध्ये हवा भरत होते. आई गोठ्याशी होती. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि वहिनी बाहेर आली. नेहमीसारखी भिंतीच्या कडेने नाही. सरळ ओसरीच्या मधून आली आणि पायरीवर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर ओढलेला नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "त्या सवाल मना व्हतात. ताईना नही."

ते प्रश्न माझे होते, ताईचे नाहीत. आबांचा हात पंपावर थांबला. त्यांनी वर बघितलं नाही, त्यांना ते जमणारच नव्हतं. ते सायकलच्या चाकाकडे बघत राहिले. आईच्या हातातली बादली तिथेच राहिली. गावात कुणी ऐकलं तर काय म्हणेल, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. 

आबांनी मला म्हटलं, म्हणजे माझ्याकडे बघून म्हटलं, की तिला विचार, मग तिने तसं सरळ का नाही विचारलं?

मी तोंड उघडायच्या आत वहिनीच बोलली. "कशी इचारू, आबा?"

 आबांनी पंप भिंतीला लावून ठेवला, टोपी नीट केली, आणि मला म्हणाले, गुणपत्रिका घे, जळगावला जायचंय. आई मध्ये काहीतरी बोलायला लागली, तर त्यांनी नुसता हात वर केला. मी पळत आत गेले. वहिनी परत चुलीपाशी बसली होती. मी तिला मिठी मारली. काय बोलावं ते कळेना, तर म्हटलं, तुझी भाकर करपतेय.

एसटीत गर्दी होती, पण आम्हाला जागा मिळाली. आबा खिडकीशी बसले. बाहेर पेरणीआधीची काळी रानं पळत होती.  पाळधी आल्यावर म्हणाले, त्यातले कोणकोणते प्रश्न तिचे होते?

"बठ्ठा," मी म्हटलं. सगळे. घरात चालत नसलेला शब्द तोंडातून निघून गेला, पण आबांनी टोकलं नाही. त्यांनी एकेक आठवायला सुरुवात केली. तो क्षचा? तिचा. उणे गुणिले उणेचा? तिचा. बिंदू टेकल्याचा? मी हो म्हणत गेले. समांतर रेषांचाही? तोही, मी म्हटलं, ज्यावरून मला नानांसमोर सरकी म्हणालात तो.  जळगाव जवळ आल्यावर खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "प्रश्न चांगले होते. घरी आलीस की तिला सांग."

माझं डोकंच फिरलं. वर्षभर पाटी आत, पाटी बाहेर, कप आत, कप बाहेर, आणि आता हेही मीच न्यायचं? मी भर एसटीत म्हटलं, मी नाही सांगणार, तुम्ही सांगा. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून बघितलं. आबांशी असं मी कधी बोलले नव्हते. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली.

मला प्रवेश मिळाला. जळगावला मावशीकडे राहायची सोय झाली आणि मी तिथेच थांबले. आबा संध्याकाळच्या गाडीने एकटे परत गेले.

पुढचं मला दिवाळीत घरी गेल्यावर आईने सांगितलं, तेही तक्रार म्हणून. पणत्या पुसता पुसता तिने सगळं ओकलं. त्या दिवशी हे आले, तर पाय धुतले नाहीत की चहा मागितला नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तू नव्हतीस, दादा जिनमध्ये, मी तुळशीपाशी. बोलायला दुसरं माणूसच नव्हतं घरात. तर दाराकडे बघून म्हणतात कसे, सूनबाई, तुमचे प्रश्न चांगले होते. एवढं सासऱ्याने स्वतःहून म्हटल्यावर सुनेने काय करावं? आत निघून जावं, नाही तर पायांवर डोकं ठेवावं. आईने हातातली पणती खाली ठेवली. "तर ही आतून म्हणते, मंग जबाब द्या ना, आबा."